तिसरा हिस्सा अधिक पाव हिस्सा किती?

घरच्या पानावर आज गणित कशाला, असे काही माता-भगिनी विचारतील. आम्ही म्हणतो, ज्याला अपूर्णांकांची बेरीज येत नाही, त्याचा हिस्सा दुसराच कोणीतरी ठरवितो.

निफाड तालुक्यातील विंचूर हे कांद्याचे गाव. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार तेथे आहे. सामाईक जमिनीतला कांदा विकला की पट्टीचे पैसे हिश्श्याने वाटावे लागतात. आपल्याकडे जुन्या वतनी जमिनीही आहेत. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली, पण सातबाऱ्यावर वारसांच्या नावांची रांग राहिली. कोणाचा तिसरा हिस्सा, कोणाचा पाव, कोणाचा सहावा.

समजा, एका गटात 1 हेक्टर 20 आर, म्हणजे 120 आर जमीन आहे. एका बाईला त्यात आईकडून 1/3 हिस्सा आला आणि मावशीने 1/4 तिच्या नावे केला. एकूण किती? पुष्कळ मुले वर 1 अधिक 1 दोन, खाली 3 अधिक 4 सात करून 2/7 लिहितात. पडताळा पाहा. 120 आरचे 2/7 म्हणजे सुमारे 34 आर. पण आईचा हिस्साच 40 आर होता! मावशीची जमीन मिळाली आणि बाईची जमीन घटली?

चूक कोठे झाली? भाकरीचे तीन तुकडे केले तर तुकडा मोठा, चार केले तर लहान. लहानमोठे तुकडे एकत्र मोजून हिशेब लागत नाही. आधी तुकडे सारखे करावेत. 3 आणि 4 या दोघांनीही भाग जाणारी सर्वांत लहान संख्या 12. म्हणून 1/3 चे 4/12 आणि 1/4 चे 3/12 करा. आता छेद सारखा झाला. फक्त अंश मिळवा. उत्तर 7/12, म्हणजे 70 आर. 40 अधिक 30 सत्तरच. (सातबाऱ्याचे नाव मात्र गाव नमुना 7 आणि 12 वरून पडले आहे, या अपूर्णांकावरून नव्हे.)

शाळा न पाहिलेले आजोबा हेच आण्यांत करीत. रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै, एकूण 192 पै. तिसरा हिस्सा 5 आणे 4 पै, पाव हिस्सा 4 आणे. बेरीज 9 आणे 4 पै. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 पैसे झाले, आणि 100 ला तीनने पुरता भाग जात नाही. तिघांना प्रत्येकी 0.33 लिहिले तर बेरीज 0.99 होते. आपल्या 120 आरमधून 1.2 आर, म्हणजे गुंठ्याहून जास्त जमीन, कोणाच्याच नावे राहत नाही. म्हणून हिस्सा अपूर्णांकातच लिहावा.

शेवटची परीक्षा सोपी आहे. गटातील सर्व हिस्से मिळून पुरता 1 झाला पाहिजे. 1/3, 1/4, 1/4 आणि 1/6 म्हणजे बाराव्यांत 4, 3, 3, 2, बेरीज 12/12. बेरीज कमी भरली तर कोणाचे नाव गळले ते शोधा. ते बहिणीचे तर नाही ना? हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे.

आज रात्री घरचा उतारा काढा, मुलामुलींना जवळ बसवा आणि हिस्से त्यांच्याकडूनच मिळवून घ्या.