तुपाची कणी

बाजारांत तुपाची पारख बहुधा वासावर आणि कणीवर होते. रवाळ तुपास गिऱ्हाईक चटकन भाव देतें; तेंच तूप मेणासारखें गुळगुळीत थिजलेलें दिसलें, कीं भेसळीची शंका घेतें. ज्या कुटुंबाचा हातखर्च घरच्या म्हशीच्या तुपावर चालतो, त्यास ही शंका फार महाग पडते. वस्तुतः कणी ही शुद्धतेची खूण नसून तूप कसें निवविलें याची खूण होय, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

तूप हें निरनिराळ्या उष्णमानांस वितळणाऱ्या अनेक स्निग्ध द्रव्यांचें मिश्रण आहे. कढविलेलें तूप निवूं लागलें म्हणजे लवकर थिजणारीं द्रव्यें आधीं स्फटिकरूप धरतात व उरलेलीं त्यांच्याभोंवतीं पातळच राहतात. निवणें सावकाश झालें तर थोडेच स्फटिक जन्मतात आणि त्यांस वाढण्यास अवधि मिळतो. हीच आपली कणी. तूप एकदम गार केल्यास असंख्य स्फटिक एकाच वेळीं उत्पन्न होतात व एकासही वाढ मिळत नाहीं. ज्वारी दाट पेरली कीं ताटें बारीक राहतात, तसाच हा प्रकार. म्हशीच्या तुपांत लवकर थिजणाऱ्या द्रव्यांचा अंश अधिक, म्हणून त्याची कणी गाईच्या तुपाहून मोठी. सरकीच्या खुराकानेंही तूप अधिक कठीण होतें.

तेव्हां करावयाचें तें इतकेंच. बेरी खालीं बसल्यावर तूप स्वच्छ फडक्यानें गाळावें आणि सुमारें २८ ते ३० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या जागीं, भांडें न हलवितां, निदान एक अहोरात्र ठेवावें. थंडीच्या दिवसांत भांड्याभोंवतीं घोंगडी गुंडाळावी किंवा तें भुशांत पुरून ठेवावें. फ्रिजमध्यें ठेवण्याची घाई मुळींच करूं नये. तूप गढूळ दिसूं लागतांच किलोमागें एक-दोन चमचे जुनें रवाळ तूप विरजणाप्रमाणें घालून हलक्या हातानें एकदांच फिरविल्यास कणी लवकर धरते. वारंवार ढवळल्यास मात्र बारीक पडते. कढवितांना घातलेल्या विड्याच्या पानास कणीचें श्रेय देणारे पुष्कळ आहेत. पान वासाकरितां अवश्य घालावें. कणीशीं त्याचा संबंध आम्हांस दिसत नाहीं.

मेणचट थिजलेलें तूपही सुधारतें. तें मंद आंचेवर एकही कण न राहील इतकें वितळवावें व वरीलप्रमाणें पुन्हां निववावें.

आतां भेसळीविषयीं. तेलास हायड्रोजन देऊन घट्ट करण्याच्या कृतीचें पेटंट जर्मन रसायनज्ञ विल्हेम नॉर्मन यांनीं १९०२ सालीं घेतलें. या मार्गानें तयार होणारें वनस्पति तूपही कारखान्यांत सावकाश निववून रवाळ करतां येतें. म्हणजे केवळ कणी पाहून घेणारा नेमका तेथेंच फसतो, आणि प्रामाणिक शेतकऱ्याचें गुळगुळीत तूप पडून राहतें. वनस्पति ओळखतां यावें म्हणून आपल्या देशांत त्यांत तिळाचें तेल मिसळण्याचा नियम करण्यांत आला. हें तेल प्रयोगशाळेंत लाल रंगानें प्रकट होतें. ज्यांचें तूप मोठ्या प्रमाणांत विक्रीस जातें, त्यांनीं एकत्र येऊन १९३७ च्या प्रतवारी कायद्यान्वये मिळणारी ॲगमार्कची मोहोर घ्यावी. ती रासायनिक परीक्षेनंतरच मिळते.