उपनगरांत घर घेण्यापूर्वीं

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही आपल्याकडील जुनी म्हण. ही म्हण ज्यांनीं केली त्यांस घर बांधावें लागत होतें. आतां तें विकत घ्यावें लागतें. बांधणाऱ्यास भिंतीची परीक्षा करावी लागे, घेणाऱ्यास कागदाची करावी लागते. भिंत कच्ची असली तर पहिल्या पावसाळ्यांतच कळतें. कागद कच्चा असला तर तो दहा-दहा वर्षें मुकाट्यानें कपाटांत पडून राहतो, आणि कळतें तेव्हां उपाय हातांत राहिलेला नसतो.

‘उपनगर’ म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें कल्याण-डोंबिवली उभी राहते. कारण तीच आम्हांस जवळून ठाऊक. बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली व पुढल्याच वर्षीं ती कल्याणास पोहोंचली. त्या रुळांच्या कडेकडेनें मुंबईंत चाकरी करणारीं मराठी कुटुंबें पुढें सरकत गेलीं : गिरगांव-दादर सोडून ठाणें, ठाणें सोडून डोंबिवली, आणि आतां अंबरनाथ-बदलापूर. १९८३ सालीं कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका झाली. येथें मुंबईपेक्षां घर स्वस्त मिळतें हें खरें; परंतु तें कशामुळें स्वस्त आहे, हा प्रश्न घेणाऱ्यानें प्रथम स्वतःस विचारला पाहिजे.

आमच्या घरीं हा प्रसंग तीन वर्षांपूर्वीं आला. कोंकणांतील वडिलोपार्जित जमिनीचा आमचा व धाकट्या बंधूंचा हिस्सा विकून आलेला पैसा बँकेंत होता. पुतण्याचें लग्न ठरलें होतें आणि भाड्याच्या दोन खोल्यांत सात माणसांचें भागत नव्हतें. स्टेशनापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, सहाव्या मजल्यावरचें एक घर बंधूंच्या भावी व्याह्यांनीं सुचविलें. घर हवेशीर, स्वयंपाकघरांत उजेड, देवघरापुरता पूर्वेचा कोनाडा. बंधूंनीं त्याच दिवशीं एक लक्ष रुपये बयाणा देऊन टाकला. आम्हीं कागद मागितले तेव्हां भोगवटा प्रमाणपत्राचें, ज्यास लोक ‘ओसी’ म्हणतात त्याचें, एक पान दाखविण्यांत आलें. दुसरें पान कोठें, असें विचारतां ‘तें कांहीं विशेष नाहीं’ असें उत्तर मिळालें. जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्यामुळें अर्धें उत्तर आम्हांस लौकर ओळखूं येतें. आम्हीं माहितीच्या अधिकाराखालीं महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडे अर्ज केला. पंचवीस दिवसांनीं नक्कल हातीं आली. प्रमाणपत्र खरें होतें. मात्र तें चौथ्या मजल्यापर्यंतचें होतें. पांचवा व सहावा मजला सरकारच्या लेखीं अस्तित्वांतच नव्हता.

व्यवहार मोडला. पावतीवर बारीक अक्षरांत ‘परत मिळणार नाहीं’ असें छापलेलें होतें, तेव्हां बयाण्याचा लक्ष रुपया गेला. व्याही दुखावले. बंधूंनीं आमच्याशीं दोन महिने बोलणें टाकलें. ‘दादांनीं हातचें घर घालविलें’ हें वाक्य आम्हीं भिंतीपलीकडून ऐकलें. त्या दोन महिन्यांत जो विचार केला, तोच येथें वाचकांपुढें ठेवितों.

तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं ज्ञानाचीं चार साधनें शिकवितात. त्यांस प्रमाणें म्हणतात. घर घेणाऱ्यानें हींच चार वापरावीं. मात्र एकाचें काम दुसऱ्याकडून करून घेऊं नये.

प्रत्यक्ष म्हणजे स्वतः पाहणें. आपण बहुधा रविवारीं सकाळीं, उघाडीच्या दिवसांत, चहापाणी घेऊन घर पाहतों. तें पाहणें नव्हे. घर एकदां भर पावसाळ्यांत पाहावें, एकदां मे महिन्यांत पाहावें. पावसाळ्यांत भिंतीची ओल व रस्त्याचें पाणी दिसतें; मे महिन्यांत नळ किती वेळ चालतो व आवारांत टँकर किती वेळां येतो तें दिसतें. २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदीनें कल्याण-बदलापुरांत काय केलें तें पुष्कळांस आठवत असेल. पुढें २७ जुलै २०१९ रोजीं त्याच नदीच्या पुरांत बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली व हजाराच्या वर प्रवासी सोडवून आणावे लागले. नदीकांठच्या जागेवर जलसंपदा विभागाच्या दोन पूररेषा असतात. सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी व शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल. आपली इमारत या रेषांच्या आंत कीं बाहेर, हें नकाशावर पाहून घ्यावें.

त्याचप्रमाणें वारा कोणत्या दिशेनें येतो तेंही रात्रीं उभें राहून पाहावें. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजीं रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. माणसें दगावलीं आणि दूरपर्यंतच्या घरांच्या कांचा फुटल्या. मिळवत्या पुरुषानें व स्त्रीनें निदान एक आठवडा त्या स्टेशनावरून ठरल्या वेळीं कचेरीस जाऊन पाहावें. डोंबिवलीहून मुंबईच्या टोकापर्यंत जवळजवळ पन्नास किलोमीटरांचा प्रवास आहे, आणि तो बसून घडेल अशा भ्रमांत कोणीं राहूं नये. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ चालत्या लोकल गाड्यांतून प्रवासी पडून मेले, ही गोष्ट अजून ताजी आहे. शेवटीं, ज्यांस दिवसभर घरांत राहावयाचें त्या वृद्धांस व गृहिणींस बरोबर नेऊन, लिफ्ट बंद आहे असें समजून एकदां जिन्यानें चढावें.

उपमान म्हणजे सारख्या वस्तूवरून जाणणें. आपली इमारत नवी असेल तर त्याच बांधणाऱ्यानें दहा वर्षांपूर्वीं बांधलेली इमारत शोधून काढावी व तेथील गृहिणींशीं बोलावें. गळती, पाण्याची टांकी, सोसायटी झाली कीं नाहीं, जमिनीचें खरेदीखत सोसायटीच्या नांवें झालें कीं नाहीं, हें त्या अर्ध्या तासांत सांगतात. किंमतीसाठींही हीच रीति. विकणारा जो भाव सांगतो तो त्याचा भाव; त्याच इमारतींतील मागील विक्री काय भावानें नोंदली गेली, तें नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनवरून, म्हणजे ‘इंडेक्स टू’वरून, समजतें.

अनुमान म्हणजे येथें हिशेब. समजा घराची किंमत ६० लक्ष आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें ३० ते ७५ लक्षांच्या दरम्यानच्या कर्जास घराच्या किंमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे कर्ज फार तर ४८ लक्ष. पदरचे १२ लक्ष झाले कीं काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु मुद्रांकशुल्क सात टक्के धरलें तर ४ लक्ष २० हजार, नोंदणीचे ३० हजार, आणि घर अपुरें असतांना घेतलें तर त्यावर वस्तु व सेवा कर पांच टक्के, म्हणजे आणखी ३ लक्ष. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर हा कर लागत नाहीं. म्हणजे १२ लक्षांच्या ठिकाणीं साडेएकोणीस लक्ष पाहिजेत. वकील, दलाल व सामानाची ने-आण निराळी. पुढें ४८ लक्षांचें कर्ज साडेआठ टक्के व्याजानें वीस वर्षें फेडावयाचें तर दरमहा सुमारें ४१,६५० रुपये द्यावे लागतात व एकंदर फेड एक कोटीच्या घरांत जाते. हा आंकडा घरांतील सर्व मोठ्या माणसांसमोर एकदां मोठ्यानें वाचावा. ज्या घरांत एकच मिळवता आहे, तेथें तो आजारी पडला तर सहा महिने हप्ता कोठून येईल, याचें उत्तर मिळाल्यावांचून सही करूं नये.

आतां शब्दप्रमाण. शास्त्रकार म्हणतात, शब्द प्रमाण खरा, परंतु तो आप्ताचा असला तर. येथेंच आपली फसगत होते. मराठींत आप्त म्हणजे सोयरा. शास्त्रांत आप्त म्हणजे ज्यास वस्तुस्थिति ठाऊक आहे व जो ती जशीच्या तशी सांगतो असा. व्याही, मेहुणा, कचेरींतला स्नेही हे पहिल्या अर्थानें आप्त असतील. घराच्या बाबतींत ते दुसऱ्या अर्थानें आप्त नव्हेत. आमच्या बंधूंची चूक एवढीच कीं त्यांनीं एका आप्ताच्या जागीं दुसरा घेतला.

मग छापील, शिक्क्याचा कागद तरी आप्त मानावा काय ? तोही नव्हे. कल्याण-डोंबिवलींत ६५ इमारती बनावट बांधकाम-परवानग्यांवर उभ्या राहिल्या. त्याच बनावट कागदांच्या आधारें त्यांची नोंद ‘महारेरा’कडे झाली, लोकांनीं ती नोंद पाहून विश्वासानें घरें घेतलीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. तीं माणसें अडाणी नव्हतीं. त्यांनीं कागद पाहिले होते. फक्त कागद ज्या कचेरीनें दिला म्हणतात, त्या कचेरीस जाऊन ‘हा तुमचाच काय’ असें विचारावयाचें राहिलें. तेवढें विचारणें हेंच घर घेणाऱ्याचें खरें काम होय.

म्हणून कोणता कागद कोणास विचारावा, तें सांगतों. सात-बारा व फेरफार, अथवा शहरांत मिळकतपत्रिका, हीं महसूल व भूमिअभिलेख खात्याकडून स्वतः काढावीं. मागील तीस वर्षांच्या मालकीचा शोध आपल्या वकिलाकडून घ्यावा, विकणाऱ्याच्या वकिलाकडून नव्हे. बांधकाम-परवानगी, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र यांची खात्री नगररचना विभागांत करावी आणि आपला मजला व आपली खोली नकाशांत बोट ठेवून पाहावी. इमारत अपुरी असेल तर २०१६ चा स्थावर संपदेचा कायदा आपल्या बाजूचा आहे : करार नोंदविल्यावांचून बांधणाऱ्यास किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं, घेतलेल्या पैशांतील सत्तर टक्के निराळ्या खात्यांत ठेवावे लागतात, क्षेत्र ‘कार्पेट’ मोजूनच सांगावें लागतें, व त्यांत आंतल्या भिंती धरल्या तरी बाल्कनी धरतां येत नाहीं. जुनें घर असेल तर सोसायटीचें भागपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला व आतांपर्यंतच्या सर्व करारांची सांखळी मूळ स्वरूपांत पाहावी.

एकत्र कुटुंबास आणखी एक सूचना. दोघां भावांचा पैसा आणि एकाचेंच नांव, हा प्रकार प्रेमानें सुरू होतो व पुढल्या पिढींत कोर्टांत संपतो. ज्याचा पैसा त्याचें नांव करारांत असावें. तें शक्य नसेल तर कोणाचे किती, हें लिहून दोघांनीं सही करावी. सोसायटींत ‘नॉमिनी’ म्हणून दिलेलें नांव म्हणजे मालकी नव्हे. वारस ठरेपर्यंतची ती सोय आहे. घरांतील स्त्रीच्या एकटीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांकशुल्कांत एक टक्का सूट मिळते. परंतु ज्या स्त्रीचें नांव सुटीसाठीं घातलें, तिचा हक्कही मग मनापासून मानावा.

गतवर्षीं आम्हीं कल्याणास घर घेतलें. दुसऱ्या मजल्यावरचें, थोडें जुनें, खिडकींतून नारळाचें एक झाड दिसणारें. दोघां भावांचीं नांवें करारांत आहेत. त्या वेळीं नगररचना विभागांत नक्कल मागण्यास कोण गेलें असेल ? बंधू स्वतःच गेले, तेही आम्हीं न सांगतां. परत आल्यावर त्यांनीं दोन्ही पानें आमच्यापुढें ठेविलीं आणि म्हणाले, “दादा, दुसरें पान आधीं वाचा.”

वाचकांसही आमची तेवढीच विनंति आहे.