शेलापागोट्यांची सनद

नगर शहराच्या उत्तरेस मनमाड रस्त्याच्या दोहो अंगांनी पसरलेल्या सावेडीत प्रोफेसर कॉलनी नावाचा गजबजलेला चौक आहे, आणि जून महिना लागला की पारनेर, पाथर्डी, शेवगाव, जामखेड अशा तालुक्यांतून शिक्षणासाठी आलेली मुले सावेडीच्या गल्ल्यांतून भाड्याची खोली आणि महिन्याची खाणावळ धुंडाळीत हिंडू लागतात. याच रस्त्याने राहुरीच्या दिशेस पुढे गेले म्हणजे 1968 साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ लागते. इकडे शहरात डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 मध्ये स्थापिलेले अहमदनगर महाविद्यालय आहे. दोन्ही संस्थांना वसतिगृहे आहेत. आणि जिथे वसतिगृह आहे तिथे विनोदाची एक अलिखित परंतु काटेकोरपणे पाळली जाणारी वहिवाट असतेच.

याचे कारण उघड आहे. वर्गात भेटणारा विद्यार्थी चार-पाच तासांपुरता असतो आणि तेवढा वेळ कोणालाही शहाणपणाचा आव आणता येतो. परंतु ज्याच्याशेजारी गादी टाकून वर्ष काढायचे, त्याचे घोरणे, त्याचा कंजूषपणा, परीक्षेच्या आदल्या रात्रीची त्याची देवभक्ती आणि घरून आलेला लाडवांचा डबा कुलपात ठेवण्याची त्याची खबरदारी, यांपैकी काहीच लपून राहत नाही. पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाचे नवे बारसे होते, आणि ते टोपणनाव पुढे लग्नाच्या पंगतीत व निवृत्तीच्या समारंभातही त्याचा पिच्छा सोडीत नाही.

या वर्षभराच्या निरीक्षणाचा जाहीर हिशेब होतो तो वार्षिक स्नेहसंमेलनात, म्हणजे सर्वांच्या बोलीतल्या गॅदरिंगमध्ये. फिशपाँड किंवा शेलापागोटे या नावाने महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या कार्यक्रमाची रीत साधी आहे. संमेलनाच्या आधी काही दिवस एक बंद पेटी ठेवली जाते. ज्याला ज्याच्याविषयी जे बोलायचे असेल ते त्याने चिठ्ठीवर लिहून, स्वतःचे नाव न घालता, तीत टाकावे. पेटी उघडते ती निवडक विद्यार्थ्यांची समिती, बहुधा एखाद्या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली. निवडलेल्या चिठ्ठ्या भर सभेत वाचल्या जातात, ज्याच्या नावाची चिठ्ठी त्याने व्यासपीठावर यावे, आणि त्याच्या लौकिकाला साजेशी एखादी वस्तू त्याला समारंभपूर्वक अर्पण व्हावी. ‘थोडक्यात सांगतो’ असे म्हणून घंटेनंतरही दहा मिनिटे शिकविणाऱ्या प्राध्यापकांना गजराचे घड्याळ मिळते. रात्री दबक्या पावलांनी फेरी घालणाऱ्या रेक्टरांना घुंगरू. वर्षभर दुसऱ्यांच्या सामानावर स्नान उरकणाऱ्या गड्यास साबणाची वडी देताना निवेदक वाचतो: ‘साबण माझा, तेल तुझे, टॉवेल तिसऱ्याचा, अंघोळ मात्र स्वतःची, हा गडी स्वाभिमानाचा!’ सभागृह कोसळते. आणि तो गडी वडी कपाळाला लावून प्रेक्षकांना मुजरा करतो, तेव्हा टाळ्या त्याला पडतात, चिठ्ठी लिहिणाऱ्याला नव्हे.

वसतिगृहातील थट्टेची ही परंपरा आपल्याकडे थोरामोठ्यांच्या चरित्रांतूनही डोकावते. पुण्याबाहेर येरवड्याच्या बाजूस वसलेल्या डेक्कन कॉलेजात 1870 च्या दशकात बाळ गंगाधर टिळक निवासी विद्यार्थी होते. व्यायामाने शरीर कमावण्यासाठी त्यांनी पहिल्या वर्षाच्या अभ्यासावर पाणी सोडले, हे सर्वश्रुतच आहे; परंतु प्रकृतीचे चोचले पुरविणाऱ्या सोबत्यांच्या औषधांच्या बाटल्यांवर त्यांची वक्रदृष्टी असे, असेही त्यांच्याविषयी सांगितले जाते. फटकळपणापायी ‘ब्लंट’ आणि खोडकरपणापायी ‘डेव्हिल’ अशी दोन टोपणनावे सोबत्यांनी त्यांना बहाल केली होती. पुढे ज्यांना लोकमान्य ही पदवी मिळाली, त्यांनाही आधी वसतिगृहाच्या दरबारातून अशा पदव्या घ्याव्या लागल्या होत्या.

इंग्लंडमधील जुन्या निवासी विद्यापीठांत तर या थट्टेला राजमान्यताच होती. 1899 साली दापोलीकडच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणित परीक्षेत प्रथम श्रेणीच्या अग्रस्थानी आले आणि महाराष्ट्राला ‘रँग्लर’ हा शब्द ओळखीचा झाला. परंतु त्याच परीक्षेत, पदवीस पात्र ठरलेल्या मानकऱ्यांच्या यादीत अगदी तळाशी राहिलेल्या विद्यार्थ्यासाठीही एक सन्मान राखून ठेवलेला असे: तो पदवी घेत असताना सोबती सभागृहाच्या सज्जातून दोरीने एक लाकडी चमचा खाली सोडीत. पुढे पुढे तो चमचा इतका वाढला की 1909 सालचा, म्हणजे अखेरचा, चमचा होडीच्या वल्ह्यापासून बनविलेला होता. त्यानंतर गुणानुक्रमाने नावे जाहीर करण्याची पद्धतच बंद झाली आणि चमच्याचा दस्तूरही संपला. ऑक्सफर्डमध्ये सतराव्या शतकात याहून धाडसी शिरस्ता होता. पदवीदानाच्या सोहळ्यात ‘टेरे फिलियस’ या नावाने एका वक्त्यास उभे करीत आणि विद्यापीठातील वरिष्ठांची भर सभेत रेवडी उडविण्याची त्याला मुभा असे. तथापि या मुभेला हद्द होती. ती ओलांडणाऱ्या काहींची विद्यापीठातून हकालपट्टी झाली, आणि अठराव्या शतकात ही प्रथाच लयास गेली.

सत्तेने थट्टेला एक दिवस नेमून द्यावा, त्या दिवशी लहानाने मोठ्याला बोलावे आणि मोठ्याने हसून ऐकावे, हा करार आमच्या शेलापागोट्यांतही आहे. परंतु येथील मुलांनी एक शहाणपणाची तरतूद अधिक केलेली आहे. ऑक्सफर्डचा वक्ता एकटा होता, आणि त्याला शिक्षा होई ती बहुधा बोलून झाल्यावर. आमच्या पेटीतली चिठ्ठी मात्र सभेपुढे येण्याआधी समितीच्या हातून जाते. कोणाची जात, कोणाचे दारिद्र्य, कोणाचे शारीरिक व्यंग अथवा एखाद्या मुलीची बदनामी असलेली चिठ्ठी तिथेच फाडली जावी, अशी अपेक्षा असते. जिथे समिती हे काम कसूर न करता करते, तिथे निनावीपणा भित्र्यालाही बोलते करतो. जिथे ती डोळेझाक करते, तिथे तोच निनावीपणा सूड उगविण्याचे हत्यार बनतो.

थट्टा आणि छळ यांच्यातली सीमारेषा शेवटी सरकारलाही आखावी लागली. परिचयाच्या नावाखाली नवागतांना रात्री उठवून अपमानित करण्याच्या प्रकारांविरुद्ध महाराष्ट्राने 1999 साली रॅगिंगबंदीचा कायदा केला; त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड यांची तरतूद आहे. 2009 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेही देशभरासाठी कडक विनियम जारी केले. ‘आम्हीही सोसले, तुम्हीही सोसा’ ही ज्येष्ठांची सबब परंपरेच्या नावावर खपविली जाते, पण तिच्यात विनोदाचा अंशही नसतो. शेलापागोट्यात प्राध्यापकही सापडतात आणि रेक्टरही. बंद खोलीतल्या छळात सापडतो तो केवळ नवखा, ज्याला उलट चिठ्ठी लिहिण्याची सोय नाही. म्हणून एखाद्या महाविद्यालयाची परंपरा जपण्याजोगी आहे की मोडीत काढण्याजोगी, हे पारखायचे असेल तर तिथल्या सर्वांत नव्या विद्यार्थ्याला प्राचार्यांच्या नावाने पेटीत चिठ्ठी टाकता येते काय, आणि ती वाचली जाते काय, एवढे विचारावे.