मासा लहान की लहानखुरा?

हिवाळ्यात वऱ्हाडात रोडग्यांचे दिवस असतात. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजून निघेपर्यंत मुलांना काहीच काम नसते, आणि जागा तलावाकाठची असली तर ती गळ टाकून बसतात. वाशीम जिल्ह्यातल्या एका पाझर तलावावर आम्ही शाळेची मुले घेऊन गेलो होतो तेव्हाही तसेच झाले. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, गळाला गांडुळाचा तुकडा आणि पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचे पेर. पेर बुडाले की हिसका द्यायचा, एवढेच तंत्र.

मासे भराभर लागले. पण सर्वांत मोठा मासाही हाताच्या तळव्याएवढाच होता. ‘पिल्ले आहेत, सोडून द्या, मोठी होतील,’ असे आम्ही सांगितले आणि मुलांनी ते ऐकलेही. शेजारी जाळे दुरुस्त करत बसलेल्या मच्छीमार काकांना मात्र ते पटले नाही. “सोडू नोका सर. हे काई मोठे होत नाईत. आमच्या रोहूचं खातात फक्त.” आम्हाला हे थोडे निष्ठुर वाटले. तेव्हा त्यांनी एक मासा उचलून त्याचे पोट चिरून दाखवले. आत पिवळसर अंडी होती. पिल्लाच्या पोटात अंडी कशी असतील? तो मासा लहान नव्हता, लहानखुरा होता.

हा मासा म्हणजे तिलापिया, आपल्याकडची चिलापी. तो मूळचा आफ्रिकेतला. भारतात तो १९५२ मध्ये आणला गेला. गरिबांना स्वस्त प्रथिने मिळावीत हा हेतू चांगला होता, पण त्याची वीण इतकी झपाट्याने वाढू लागली की १९५९ मध्ये मत्स्यसंशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. मासा अर्थातच बंदी वाचत नाही.

आता तो लहान का राहतो ते पाहू. माणसाची उंची विशीच्या आसपास थांबते. माशाचे तसे नसते. अन्न मिळाले तर तो जन्मभर वाढू शकतो. म्हणून माशाच्या आकारावरून त्याचे वय ठरवता येत नाही. समजा, एखाद्या डबक्यातल्या अन्नावर १० किलो मासे जगू शकतात. ते अर्ध्या किलोचे २० असतील किंवा २० ग्रॅमचे ५००. तलावाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, मच्छीमाराच्या दृष्टीने अजिबात नाही, कारण बाजारात तळव्याएवढ्या चिलापीला फारसे कोणी विचारत नाही.

चिलापीच्या बाबतीत हिशेब दुसऱ्या बाजूकडे का झुकतो? ती दोन-तीन महिन्यांची झाली की अंडी घालू शकते, आणि उबदार पाण्यात वर्षातून अनेकदा घालते. मादी फलित अंडी तोंडात घेऊन उबवते, पिल्लेही काही दिवस तोंडातच सांभाळते. त्यामुळे पिल्ले फार मरत नाहीत. पण तोंड भरलेले असताना मादी जवळजवळ काही खात नाही. म्हणजे जे अन्न अंगी लागायचे ते आधी अंड्यांत जाते, आणि त्यावर उपवासही घडतो. मत्स्यशेतीत नुसते नर वाढवण्याची पद्धत निघाली ती यामुळेच. शिवाय गर्दी वाढली की हे मासे आणखी लहान आकारातच प्रौढ होतात.

रोहू, कटला, मृगळ यांचे नेमके उलटे आहे. त्यांना अंडी घालायला पुराचे वाहते पाणी लागते. पाझर तलावात ते वाढतात, पण विणत नाहीत. १९५७ मध्ये ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवले आणि या जातींचे बीज हवे तेव्हा मिळू लागले. तरी ते बीज विकत आणून तलावात सोडावे लागते. काकांच्या संस्थेने बीजासाठी पैसे मोजले होते, ठेकाही भरला होता. आम्ही मात्र त्या बीजाचे वाटेकरी हौसेने परत पाण्यात टाकत होतो.

हे दुखणे आपल्याच तलावांचे नाही. अमेरिकेत कुटुंबे सुटीत तळ्याकाठी तंबू ठोकून राहतात, तिथे मुलांच्या गळाला पहिल्यांदा लागतो तो बहुधा ब्लूगिल नावाचा तळव्याएवढा मासा. तोही गर्दी झाली की खुरटतो. अलाबामातील ऑबर्न येथे होमर स्विंगल यांनी १९३० च्या दशकापासून तळी खोदून याचा अभ्यास केला. लहान मासे खाणारा मोठा मासा तळ्यात पुरेसा असेल तरच उरलेले लहान मासे वाढतात, असे त्यांना दिसले. याच ब्लूगिलचा नजराणा १९६० मध्ये जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांनी मायदेशी नेला. तो तिथल्या सरोवरांत इतका माजला की २००७ मध्ये, सम्राट झाल्यावर, त्यांनी जाहीर खेद व्यक्त केला. स्वतः मत्स्यअभ्यासक असलेल्या माणसाकडून हे घडावे!

आपल्याकडे मोठ्या माशाचे हे काम मरळ करते. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे उन्हाळ्यात तलाव आटून गढूळ झाला तरी तग धरते. पण तिला भाव चांगला, आणि आटलेल्या पाण्यात ती सहज सापडते. मरळ गेली की चिलापीला मोकळे रान मिळते.

तेव्हा ‘लहान सोडा, मोठा ठेवा’ हा नियम रोहूला आणि मरळीला लागू आहे, चिलापीला नाही. त्यासाठी मासा ओळखता यायला हवा. चिलापीच्या पाठीवर एकच लांब पर असतो, त्याचा पुढचा भाग काटेरी आणि मागचा मऊ. अंगावरची पार्श्वरेषा मध्येच तुटून दोन तुकड्यांत जाते. रोहूच्या पाठीवरचा पर आखूड व बिनकाट्यांचा असतो आणि पार्श्वरेषा सलग.

वर्गासाठी यातून गणितही निघते. धरलेल्या माशांची लांबी व वजन मांडावे. लांबी दुप्पट झाली तर वजन साधारण आठपट व्हायला हवे. त्याहून बरेच कमी भरले तर मोठा मासा उपाशी आहे. खुरटलेल्या माशाचे डोके आणि डोळे शरीराच्या मानाने मोठे दिसतात, हेही मुलांना चटकन कळते. तलाव बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो, म्हणून आधी विचारूनच गळ टाकावा. धरलेली चिलापी दुसऱ्या ओढ्यात मात्र कधीही सोडू नये. वाशीम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर आहे. काटेपूर्णेचे पाणी पूर्णा आणि तापीतून अरबी समुद्राला मिळते, तर पैनगंगा, अडाण आणि अरुणावतीचे गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. इथे रिकामी केलेली एक बादली कुठवर जाईल ते सांगता येत नाही.

आम्ही त्या दिवशी उरलेले मासे काकांच्या टोपलीत टाकले. निघताना त्यांनी मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. पावसाळ्यात काठाजवळ नारिंगी पिल्लांचा घोळका वरखाली करताना दिसला, तर खाली मरळ राखणीला असते. तिथे गळ टाकायचा नाही.