हसू, हुंदका आणि दगड

पूर्वग्रहाने आंधळा झालेला माणूस शेवटी विरघळतो, त्याला आपली चूक उमगते आणि प्रेक्षागृहात रुमाल निघतात. अशा प्रसंगांची परंपरा मराठी चित्रपटात जुनी आहे. ‘प्रभात’ने १९३५ साली संत एकनाथांवर ‘धर्मात्मा’ काढला. (त्याचे आधीचे नाव ‘महात्मा’ होते, पण ते सेन्सॉरला चालले नाही.) त्यात एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवतात. १९४१च्या ‘शेजारी’मध्ये एक हिंदू आणि एक मुसलमान असे दोन जिवलग मित्र तिऱ्हाइताच्या कारस्थानाने दुरावतात आणि धरण फुटते तेव्हा एकत्रच मृत्यूला सामोरे जातात. दोन्ही चित्रपट व्ही. शांताराम यांचे. असे प्रसंग पाहताना डोळ्यांत येणारे पाणी खरे असते, त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. पण त्या पाण्याने नेमके कोणाचे पाप धुतले जाते, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. पडद्यावरचा माणूस सुधारला की आपणही थोडे सुधारलो असे वाटते आणि तिकिटाच्या पैशांत प्रायश्चित्तही उरकते.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (प्रदर्शन १४ फेब्रुवारी २०१४) ही सोय काढून घेतो. शेवटी कोणाचेही हृदयपरिवर्तन होत नाही. मग तो शेवट इतका का हलवतो? मला वाटते, त्याची तयारी आपल्या रडण्यातून नव्हे, हसण्यातून झालेली असते.

आधी शब्दाविषयी. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. घरात ते जनावराचे साधे नाव आहे. तोच शब्द गावातली पोरे जब्याच्या अंगावर फेकतात तेव्हा ती शिवी होते. शब्द तोच, उच्चारही तोच, फक्त तोंड बदलले. भाषेच्या अभ्यासकांनी एवढ्या एका गोष्टीसाठी तरी हा चित्रपट पाहावा. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत होळकरांच्या काळापासून जी मराठी बोलली गेली, तिला कैकाडी तर सोडाच, करमाळ्याकडची बोलीही फारशी ऐकू आलेली नाही. तेव्हा या चित्रपटाची भाषा ही आपल्यासाठी पहिली पायरी आहे, आणि ती घाईने ओलांडू नये.

शेवटच्या भागात जब्याचे सगळे कुटुंब शाळेजवळ डुकरे धरायला उतरते. ज्या शाळेत तो शिकतो आणि जिथे त्याला आवडणारी शालू आहे, त्याच शाळेजवळ. तो भिंतीआड, झुडपाआड लपतो. बाप कचरू (किशोर कदम) त्याला हाका मारतो. डुक्कर हाती लागणार तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटते. इथे हसू येतेच. दिग्दर्शकाने ते येऊ दिले आहे. मात्र आपण हसतो त्याच वेळी पडद्यावरचे गावकरीही त्या धावपळीला तमाशा समजून हसत असतात. आपण त्यांच्यातच जाऊन बसलो आहोत, हे तेव्हा ध्यानात येत नाही.

मग मेलेले डुक्कर काठीला टांगून कुटुंब परत निघते. मागे शाळेची भिंत आहे आणि तिच्यावर आंबेडकर, फुले दांपत्य, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. कोणी बोट दाखवून सांगत नाही, कॅमेरा फक्त तिथून जातो. चिडवणाऱ्यांवर जब्या दगड भिरकावू लागतो आणि शेवटचा दगड सरळ कॅमेऱ्याकडे येतो. पडदा काळा होतो.

नात्या-ओळखीतल्या सात-आठ कॉलेजच्या मुलामुलींना मी हा चित्रपट घरी दाखवला होता. संपल्यावर बराच वेळ कोणी बोलेना. मग एक मुलगा जरा रागानेच म्हणाला, “काका, पण आम्ही तर काहीच नाही केलं!” मला हे वाक्य कुठल्याही अश्रूपेक्षा मोलाचे वाटले. ज्याच्यावर आरोपच नाही तो सफाई कशाला देईल? दगड बरोबर जागी लागला होता.

आपल्या रसशास्त्रात याला जागा आहे, फक्त उलट्या बाजूने. भट्टनायकाने सांगितलेले साधारणीकरण म्हणजे पात्राचे दुःख ‘त्याचे’ किंवा ‘माझे’ न राहता सर्वांचे होणे. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली, त्यांतले एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने व्याकूळ असणे. स्वतःची आठवण झाली की रस तुटतो. ‘फँड्री’चा दगड हे विघ्न मुद्दाम आणतो. करुण रस पुरा होऊ घातला असतानाच तो प्रेक्षकाला त्याचे स्वतःचे नाव-गाव आठवायला लावतो. त्यामुळे मोकळे रडताही येत नाही. अनेकांना हा शेवट ‘अपुरा’ वाटतो तो यामुळेच, आणि मला तो दोष वाटत नाही.

असे आधी कोणी केलेच नव्हते, असेही नाही. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात नाटकातले नाटक आहे. सीतेचा त्याग करणारा राम प्रेक्षक म्हणून बसतो, समोर सीतेचेच दुःख चालते आणि तो मूर्च्छित पडतो. अपराधी माणसालाच प्रेक्षकाच्या जागी बसवण्याची ही युक्ती. फरक एवढाच की भवभूती रामाला सावरायला खऱ्या सीतेला पाठवतो. मंजुळे आपल्याकडे कोणालाही पाठवत नाहीत.

वर्गात हा प्रसंग घेणाऱ्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. “तुम्हाला काय वाटले?” हा प्रश्न आधी विचारू नका. त्याला “वाईट वाटले” हे ठरीव उत्तर येते आणि तास संपतो. “तुम्ही कुठे-कुठे हसलात?” असे विचारा, आणि उत्तरे नाव न घालता चिठ्ठीवर मागवा. नंतर शेवटचा भाग पुन्हा लावून भिंतीपाशी थांबवा. माझ्याकडच्या मुलांपैकी एकीनेही, एकानेही पहिल्या वेळी त्या चित्रांकडे लक्ष दिले नव्हते. त्यांतल्या दोघांचे घर महूला आहे, बाबासाहेबांच्या जन्मस्थळाच्या गावात. दर १४ एप्रिलला त्यांच्या दारावरून गर्दी जाते. दुसऱ्यांदा पाहताना त्यांनीच ती चित्रे एकेक करून ओळखली, आणि गाडगेबाबांपाशी अडले, तेव्हा पुढचा अर्धा तास गाडगेबाबांवरच गेला.