बेरजेत न दिसणारे अंतर

आम्ही कामगार चळवळीतले. शाळा नववीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. असा माणूस सर्व्हर या यंत्राविषयी काय सांगणार, अशी शंका श्रोत्यांना येणे स्वाभाविक आहे. पण या यंत्राची ओळख आम्हांला एका मेमोने करून दिली, म्हणून तेथूनच आरंभ करू.

एका पतसंस्थेच्या संगणक विभागात आमचा एक सभासद रात्रपाळी करतो. महिनाअखेरीचा हिशेब पूर्वी तासाभरात आटपे, तो चार चार तास रेंगाळू लागला. मेमरी कमी पडते, असे त्याने कळवले. वरिष्ठांनी पडद्यावरचा आकडा दाखवला : १२८ गिगाबाइटपैकी जवळजवळ निम्मी मोकळी! झाले, निष्काळजीपणाचा मेमो त्याच्या हाती पडला. वास्तविक आकडा खोटा नव्हता आणि आमचा सभासदही खोटा नव्हता. हे कसे?

प्रोसेसर हा कारागीर आणि मेमरी ही त्याचा चालू माल ठेवण्याची जागा, असे समजा. मोठ्या सर्व्हरमध्ये पुष्कळदा दोन प्रोसेसर असतात. पूर्वी अशा अनेक यंत्रांत ते एकाच वाटेने एकाच मेमरीकडे जात आणि वाटेवर गर्दी होई. २००३ साली ए.एम.डी. कंपनीच्या ऑप्टेरॉनने मेमरीचा कारभार प्रोसेसरच्याच पोटात आणला. इंटेलच्या झिऑन प्रोसेसरांनी २००९ मध्ये तीच रीत धरली. आता प्रत्येक प्रोसेसरजवळ त्याची स्वतःची मेमरी असते. या जोडीला नोड म्हणतात आणि एकूण रचनेला न्यूमा. शेजारच्या नोडमधला माल मिळतो, पण मधला दुवा ओलांडावा लागतो आणि वेळ अधिक जातो. कांड्यांची पेटी मागाशेजारी असणे आणि पलीकडच्या शेडमध्ये असणे, यांत जो फरक, तोच हा.

लिनक्स ही कार्यप्रणाली हे अंतर आकड्यांनी दाखवते : स्वतःच्या नोडचे १०, शेजारच्याचे अनेक यंत्रांत २१. हे घड्याळाचे माप नव्हे, तुलनेचा अंदाज आहे. तिचा मूळ नियमही साधा आहे. जो प्रोसेसर मेमरीच्या पानाला प्रथम हात लावील, त्याच्या नोडमध्ये ते पान ठेवायचे; तेथे जागा नसेल तर सामान्यतः शेजारी. मात्र काम पुढे दुसऱ्या प्रोसेसरकडे गेले, तर माल मागे राहतो. आणि मौज अशी की, मालाची वाट पाहत खोळंबलेला प्रोसेसरही हजेरीपटावर 'कामात' असाच दिसतो!

यावर उपाय तीन. काम एका नोडमध्ये मावत असेल, तर प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही त्याच नोडशी बांधावी. काम मोठे असेल, जसा मोठा डेटाबेस, तर पाने आळीपाळीने सर्व नोडांत वाटावी. सरासरी अंतर वाढते, पण एकाच नोडवर सगळा भार येत नाही. तिसरा उपाय म्हणजे हे काम लिनक्सवरच सोपवणे : २०१३ पासून तिच्यात पाने आणि कामे आपोआप एकमेकांजवळ आणण्याची सोय येत गेली. तीही फुकट नाही. पाहणीत आणि हलवाहलवीत थोडा वेळ खर्चतोच.

आता आमच्या सभासदाचे प्रकरण. सर्व्हर बसवणाऱ्याने वेग मिळावा म्हणून डेटाबेस एका नोडशी सक्त बांधला होता. तेव्हा तो लहान होता आणि व्यवस्था योग्यच होती. पुढे सभासद वाढले, खाती वाढली, आणि त्या नोडची ६४ गिगाबाइट भरली. बांधलेल्या कामाला शेजारी पाऊल टाकता येईना. म्हणून पाने डिस्कवर जाऊ लागली, आणि शेजारचा नोड रिकामा पडून राहिला. 'न्यूमासीटीएल' या आज्ञेने नोडवार आकडे पाहताच उलगडा झाला. सक्तीची बांधणी काढून पाने दोन्हीकडे वाटली, तेव्हा हिशेब पुन्हा वेळेवर होऊ लागला.

मेमो मागे घेतला गेला. पण तो लिहायला जितका वेळ लागला, तितक्यात नोडवार आकडे पाहून झाले असते. सरासरी पगार चांगला दिसतो म्हणून झाडूवाल्याची चूल पेटतेच असे नाही, हे आम्ही वाटाघाटींत वर्षानुवर्षे सांगत आलो. यंत्राच्या बाबतीतही तेच खरे निघाले. एकूण किती आहे, एवढे विचारून भागत नाही. कोणाच्या हाताशी किती आहे, हेही विचारावे लागते. आणि दोष द्यायचाच असेल, तर तो हे विचारल्यानंतर द्यावा.