छपरीला जाळी: चौरस फुटात मोजाल तर घाटा, फटीत मोजाल तर धंदा



आमच्या एका बॅचमध्ये गोंदिया जिल्ह्यातला एक मुलगा होता. अॅल्युमिनियमच्या खिडक्या, सरकते दरवाजे, ग्रिल, सगळं काम हातात. पावसाळ्याच्या तोंडावर त्याला एका निवृत्त गुरुजींनी बोलावलं. घरासमोर पत्र्याची छपरी, २० फूट लांब आणि ८ फूट खोल. गुरुजींची साधी मागणी होती, "संध्याकाळी बाहेर बसता आलं पाहिजे. मच्छर बसू देत नाहीत."

पोराने टेप लावला, चौरस फूट काढले, दर सांगितला. दोन दिवसांत काम झालं. दिसायलाही झकास. आठ दिवसांनी गुरुजींचा फोन आला. "अरे बाबू, पयले मच्छर बाहेर तरी जात होते. आता तुनं दरवाजा लावला, तर आतच मुक्काम करून रायले!"

पोरगा दोनदा परत गेला, फटी बुजवल्या, दाराला खालून रबर लावलं. काम शेवटी चांगलं झालं. पण वहीत हिशेब मांडला तेव्हा कळलं की नफा तर सोडाच, खिशातून पैसे गेलेत.

मित्रांनो, त्याची कारागिरी कमी नव्हती. त्याने मोजलं चुकीचं. व्हिडिओत हा हिशेब पटापट झाला, म्हणून इथे सावकाश मांडतो.

हे काम गोंदियातच का चालेल?

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा म्हणजे धानाचा मुलूख. पावसाळाभर बांध्यांत पाणी, गावाजवळ बोडी, जुने मालगुजारी तलाव, नवेगावबांधसारखा मोठा जलाशय, बाजूला जंगल. पाणी आहे म्हणून धान आहे, आणि पाणी आहे म्हणून मच्छरही आहे. हिवताप इथल्या जंगलपट्टीला नवा नाही.

दुसरी गोष्ट घराची. आपल्याकडे छपरी म्हणजे घराची खरी बैठक. पाहुणा तिथेच बसतो, धानाची पोती तिथेच टेकतात, म्हातारी माणसं उन्हाळ्यात तिथेच झोपतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. एवढ्या जागेत कुटुंब मावत नाही, म्हणून लोक समोर पत्रा टाकून छपरी काढतात. आत खिडकीला जाळी असते, पण माणसं बसतात छपरीत. तुमचं काम तिथे आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वीची एक झोपडी

रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात शोधला. पुढे १९०० मध्ये लुई सॅम्बन आणि जॉर्ज लो हे दोन डॉक्टर इटलीत ऑस्टियाजवळच्या दलदलीत जाळी लावलेल्या झोपडीत तापाचा अख्खा हंगाम राहिले. दिवसा ते बाहेर हिंडत. सूर्यास्ताआधी आत यायचे आणि सकाळपर्यंत बाहेर पडायचं नाही. आजूबाजूचे लोक तापाने फणफणत होते, यांना मलेरिया झाला नाही.

धंदेवाल्याने यातून काय घ्यायचं? त्या झोपडीत तीन गोष्टी एकत्र होत्या: जाळी, नीट बंद होणारं दार आणि वेळेवर दार लावायची सवय. आपला कारागीर यातली पहिली गोष्ट विकतो आणि उरलेल्या दोन ग्राहकावर सोडतो. तक्रार तिथून सुरू होते.

मच्छर कुठून येतो?

जाळीच्या मधून तो सहसा येत नाही. एका इंचात १६ घरं, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचं भोक असलेली जाळी मच्छराला पुरते. तो येतो या चार जागांतून:

१. पत्र्याच्या नाल्या. पन्हाळीचा पत्रा सरळ पाइपावर टेकतो, तेव्हा प्रत्येक उंचवट्याखाली बोट जाईल एवढी फट राहते. समोरच्या कडेला राहते, तशीच मागे भिंतीला पत्रा टेकतो तिथेही राहते. मागची फट कोणी बघतच नाही.

२. दाराची खालची कड. फरशी कधीच एका पातळीत नसते.

३. उघडं राहिलेलं दार. लहान मुलं, हातात पाण्याची बादली घेतलेली बाई, दारातून आत-बाहेर करणारे आजोबा. दार आपोआप बंद व्हायलाच पाहिजे. आणि ते बाहेर उघडणारं हवं, म्हणजे जाळीवर बसलेले मच्छर आत ढकलले जात नाहीत.

४. आतच तयार होणारा मच्छर. डेंग्यू पसरवणारा मच्छर दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. छपरीत कूलर, ड्रम, कुंडीखालची ताटली असेल आणि तुम्ही बाहेरून जाळी ठोकली, तर तुम्ही मच्छराला घर बांधून दिलं! काम सुरू करण्याआधी पाण्याचं भांडं बाहेर काढा, किंवा त्याला झाकण करून द्या.

कवेलूची छपरी असेल तर विषय वेगळा. प्रत्येक कवेलूची फट बुजवता येत नाही. तिथे खालून जाळीचं छतच करावं लागतं. २० बाय ८ ला ते १६० चौरस फूट वाढतं. हे पहिल्या भेटीतच सांगा, नंतर सांगितलं की भांडण होतं.

आता हिशेब

खालचे दर उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारभावाने बदला.

छपरी समोर ७ फूट उंच, मागे ९ फूट. समोरची बाजू २० × ७ = १४० चौरस फूट. दोन्ही बाजू ८ फूट खोल, सरासरी उंची ८, म्हणजे ६४ अधिक ६४. एकूण २६८ चौरस फूट.

पोराने दर दिला ११० रुपये. बिल २९,४८० रुपये. फ्रेम आणि जाळी ६५ रुपये फुटाने १७,४२०. दोन माणसं दोन दिवस, ७०० रुपये रोजाने २,८००. गाडीभाडं १,०००. कागदावर नफा ८,२६० रुपये. छान!

आता जे मोजलंच नव्हतं ते बघा. दाराचा जादा खर्च, म्हणजे जाड सेक्शन, बिजागरी, आपोआप बंद होणारी स्प्रिंग, खालचं रबर: ३,२००. पत्र्याखालच्या फटी भरायला फोम, पट्ट्या आणि दोन माणसांचा एक दिवस: २,५००. दोन्ही बाजूंचे तिरके तुकडे कापताना वाया गेलेली जाळी: ९००. दोन परतफेऱ्यांचं पेट्रोल आणि मजुरी: २,०००. एकूण ८,६०० रुपये.

८,२६० मधून ८,६०० वजा करा. ३४० रुपये घरून टाकले. शिवाय गुरुजींची नाराजी वेगळी.

आता हेच कोटेशन चार ओळींत लिहा:

- सरळ जाळी, दार वगळून २४७ चौरस फूट × ११० = २७,१७०
- दार, १ नग = ५,५००
- पत्र्याखालची फट, समोर २० आणि मागे २० असे ४० रनिंग फूट × १०० = ४,०००
- वर्षभरात दोन सर्व्हिस भेटी = १,५००

एकूण ३८,१७०. खर्च तोच, २९,८२०. हातात उरतात ८,३५० रुपये. पहिल्यांदा कागदावर दिसलेला नफा आता खरोखर मिळतो.

"पण सर, शेजारचा तीस हजारांत करतो!" करू द्या. तुम्ही ग्राहकाला हाताला धरून पत्र्याखाली न्या, फटीत त्याचंच बोट घालायला लावा आणि विचारा, "गुरुजी, ही त्यांच्या कोटेशनमध्ये आहे का?" एवढंच. शेजाऱ्याला नावं ठेवायची गरज नाही.

बजेटच नसेल तर पूर्ण छपरी स्वस्तात करू नका. अर्धी छपरी नीट करून द्या: एक खाट आणि दोन खुर्च्या बसतील एवढी, चारही बाजूंनी पक्की. उरलेली पुढच्या वर्षी. आणि ग्राहकाची अडचण फक्त रात्रीच्या झोपेची असेल, तर सरळ सांगा, "काका, मच्छरदाणीने काम होईल." आजचं एक काम जाईल, पण तो माणूस तुम्हाला चार घरं दाखवेल.

मच्छर ऑगस्टमध्ये, पैसा डिसेंबरात

गोंदियात धंदा करायचा तर धानाचं कॅलेंडर पाठ पाहिजे. फोन सर्वात जास्त येतील पावसाळ्यात. पण तेव्हा शेतकऱ्याचा पैसा रोवणी, खत, मजुरीत गुंतलेला असतो. खरिपाचं धान कापून, मळून, विकून पैसा हातात यायला नोव्हेंबर ते जानेवारी उजाडतो. उन्हाळी धानाचा पैसा मे-जूनच्या आसपास. जंगलपट्टीत तेंदूपत्त्याची मजुरीही मे महिन्यातली.

म्हणून पावसाळ्यात माप घ्या, कोटेशन द्या, आणि तेव्हा फक्त दार व दोन खिडक्या करा. छपरीचं मोठं काम जानेवारीत धरा, कारण पुढे उन्हाळा आहे, लोक बाहेर झोपणार आहेत. दुसरी खेप मे अखेरीस, पाऊस लागण्याआधी. मापाची वही जपून ठेवा. ऑगस्टमधल्या तीस मापांना डिसेंबरात फोन करणारा कारागीर मला फार कमी दिसतो.

शेतीचा पैसा नसलेले ग्राहकही आहेत: नोकरदार, दवाखाने, राइस मिलचं ऑफिस, वसतिगृहं, आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या गेटांजवळचे होमस्टे. जंगल बघायला आलेल्या पाहुण्याला संध्याकाळी बाहेरच बसायचं असतं. होमस्टेवाल्यासाठी जाळीची छपरी म्हणजे एक जादा खोलीच.

माल निवडताना

खालचे अडीच-तीन फूट सर्वात जास्त मार खातात. शेळी, कुत्रा, सायकलचं हँडल, पोराची बॅट. तिथे फायबरची जाळी टिकत नाही, उंदीरही ती कुरतडतात. खाली स्टीलची जाळी किंवा आतून ग्रिल, वर फायबर, असं केलं तर खर्च आटोक्यात राहतो. माकडांचा त्रास असलेल्या गावात वरही ग्रिल लागेल, ते आधीच बोला. जाळी जितकी बारीक, तितकी हवा कमी. मे महिन्यातला गोंदिया सर्वांना माहीत आहे. म्हणून पंख्याचा पॉइंट कुठे आहे ते विचारल्याशिवाय माप घेऊ नका.

आणि एक गोष्ट कोटेशनवर कधीच लिहू नका: "मलेरिया होणार नाही." माणूस पहाटे बांधीवर जातो, तिथे तुमची जाळी नसते. तुम्ही सांगा, "संध्याकाळी छपरीत निवांत बसाल." जेवढं हातात आहे, तेवढंच वचन.

भांडवल

हातोडी-करवतीपासून सुरुवात करणाऱ्याला मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज आहे. सुतार आणि लोहार हे दोन्ही व्यवसाय पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत आहेत. तिथे अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने कर्जाची सोय आहे. नोंदणी सध्या सुरू आहे का, हे जवळच्या सीएससी केंद्रात विचारून मगच कागद जमवा. पण खरं भांडवल म्हणजे ग्राहकाचा अॅडव्हान्स. अर्धे पैसे हातात आल्याशिवाय जाळीचा रोल कापायचा नाही.

आजचं काम

तुमच्या स्वतःच्या छपरीत आज संध्याकाळी दिवा लावून बाहेर उभे राहा. पत्र्याखालून, दाराखालून जिथे जिथे उजेड दिसतो, तिथे खडूने खूण करा. मग त्या खुणा टेपने मोजा आणि रनिंग फूट लिहा. पुढच्या ग्राहकाकडे हेच करायचं आहे, त्याच्यासमोर.

आपल्या त्या पोराने आता हीच पद्धत धरली आहे. गुरुजींच्या छपरीत तो सर्व्हिसला गेला तेव्हा त्यांनी आत बसवून चहा पाजला, आणि शेजारच्या घराचं माप घ्यायला पाठवलं. किती आकडा आला, ते त्याने मला अजून सांगितलं नाही. पण चार ओळींत लिहिलंय, एवढं सांगितलं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. वही-पेन जवळ ठेवा!